गिरणीची सुट्टी आणि वेल्सचे डोंगर

श्रोतेहो, गावची जत्रा म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. इंग्लंडच्या उत्तरेकडे लँकेशायर नावाचा परगणा आहे, तिथेही अशीच गावोगावची जत्रा भरत असे. तिला ‘वेक्स’ म्हणत. गावचे चर्च ज्या संताच्या नावाने उभारले, त्या संताचा हा वार्षिक उत्सव. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्या भागात कापडाच्या गिरण्या निघाल्या. कामाची शिस्त मोडते म्हणून गिरणीमालकांनी जत्रेला आळा घालून पाहिला. पण त्या दिवसांत माणसे कामावर येईनातच! शेवटी मालकांनीच शहाणपण केले. जत्रेच्या आठवड्यात गावातल्या साऱ्या गिरण्या एकदम बंद ठेवायच्या, बॉयलर साफ करून घ्यायचे, यंत्रांची डागडुजी उरकायची, अशी वहिवाट पडली. आठवडेबाजार जसा आज या गावी, उद्या त्या गावी, तशी ही सुट्टीही गावागणिक वेगळ्या आठवड्यात येई.

सुट्टी होती, पण तिचा पगार नव्हता. त्या आठवड्याची मजुरी बुडे. म्हणून लोक वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे एकत्र जमवत. आपली भिशीच म्हणा ना! जत्रेच्या आधी ती फोडायची, घरदार घेऊन आगगाडीत बसायचे आणि ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या शहरी जायचे. गाव ओस पडे. नाचगाण्याचे तंबू, दारूचे गुत्ते, गर्दी, आरडाओरडा यांत वर्षाची पुंजी आठ दिवसांत संपे, आणि सोमवारी पहाटे पुन्हा गिरणीचा भोंगा.

या लोकांना नावे ठेवण्याआधी त्यांचा बाकीचा दिवस कसा जाई ते पाहा. १८७४ च्या कायद्याने कापडगिरण्यांतले काम आठवड्याला साडेछप्पन तासांवर आणले होते, आणि ही सुधारणा समजली जाई. पहाटे लोकांना उठवायला लांब काठी घेऊन एक माणूस गल्लीतून फिरे आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर टकटक करी. मागांच्या खात्यात आवाज एवढा, की शेजारणीचे बोलणे कानांनी ऐकू येत नसे. ओठांच्या हालचालींवरून ते ओळखायची सवय विणकर बायकांना लागलेली होती. असे वर्ष काढलेल्या माणसाला आठ दिवस गोंगाट हवासा वाटावा, हे चमत्कारिक आहे खरे. पण शांततेत काय करायचे असते, हे त्याला कोणी शिकवले तरी कधी होते?

या गिरण्यांचा आणि आपला संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. ती तेजी आणि १८६५ साली मुंबईत उडालेला शेअरबाजाराचा बोजवारा ही आपल्या इतिहासातली प्रसिद्ध गोष्ट. लँकेशायरचे विणकर हिंदुस्थानातून येणाऱ्या साऱ्या कापसाला ‘सुरती’ म्हणत आणि मनापासून शिव्या देत, कारण त्याचा धागा आखूड, तो मागावर सारखा तुटे. आपला शेतकरी इकडे सुखावला होता तेव्हा तिकडचा विणकर उपाशी होता. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. थॉमस आर्थर लेनर्ड हे त्याचे नाव. जन्म १८६४ सालचा, लंडनचा, व्यवसायाने धर्मोपदेशक. १८९० साली तो लँकेशायरमधल्या कोल्न या विणकरांच्या गावी आला. आपल्या चर्चची तरुण मुले जत्रेच्या आठवड्यात पैसा आणि प्रकृती दोन्ही घालवून परत येतात, हे त्याने पाहिले. नुसता उपदेश करून भागण्यासारखे नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले असावे. जून १८९१ मध्ये त्याने तीसएक तरुणांना बरोबर घेतले आणि सरोवरांच्या मुलखात, अँबलसाइडला नेले. चार दिवस, माणशी एकवीस शिलिंग. विणकराची जवळजवळ आठवड्याची मजुरी. दिवसभर डोंगर चढायचे, रात्री एकत्र जेवायचे, गाणी म्हणायची, काही वाचायचे. एवढाच काय तो बेत! पण मुले परत आली ती पुढच्या वर्षीचे बोलतच.

इथे जरा थांबून मुंबईकडे पाहू. बरोबर एक वर्ष आधी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ पासून ते मागणी करीत होते, आणि एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तेव्हा कुठे मालक नमले. म्हणजे त्याच धंद्यातले, त्याच प्रकारच्या यंत्रांवर राबणारे दोन ठिकाणचे कामगार. आमचा माणूस आठवड्याच्या एका दिवसासाठी झगडत होता, आणि तिकडचा माणूस हातात आलेल्या आठवड्याचे काय करावे या विवंचनेत होता. माझ्या वर्गात मी या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. मुले लोखंडे यांचे नाव वहीत उतरवून घेतात. लेनर्डचे नाव परीक्षेत येणार नाही, म्हणून सोडून देतात. असो.

लेनर्डच्या उद्योगाला पुढे संस्थेचे रूप आले. घरच्या घरी चांगले वाचन करणाऱ्या लोकांची एक संघटना १८८९ पासून इंग्लंडमध्ये चालू होती. तिच्या आधाराने १८९३ साली सहकारी सुट्ट्यांची संस्था उभी राहिली. ‘सहकारी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नफा कोणाचा नाही. राहायला साधी घरे. अंथरूण आपले आपण घालायचे. एका लांब टेबलाशी विणकर, कारकून, शाळामास्तर आणि दुकानात काम करणारी मुलगी असे सगळे बसायचे. दारू नाही. गरिबांतल्या गरिबांसाठी काही जागा फुकट राखलेल्या. आणि पुरुषांबरोबर बायका डोंगर चढायला निघायच्या. त्या काळी ही गोष्ट पुष्कळांच्या डोळ्यांत खुपली.

वीस वर्षे संस्था वाढली, आणि वाढता वाढता बदलली. गिरणीच्या माणसांपेक्षा कारकून आणि शिक्षक जास्त येऊ लागले. घरे नीटनेटकी झाली, खर्च वाढला. लेनर्डला हे रुचेना. ज्यांच्यासाठी मांडव घातला तेच दाराबाहेर उभे आहेत, असे त्याला दिसू लागले. सहकाराच्या चळवळीत काम केलेल्या श्रोत्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल. बहुतेक जण अशा वेळी सभेत एक भाषण करून गप्प बसतात. लेनर्डने १९१३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वतःचीच संस्था सोडून दुसरी काढली. तिचे नाव ‘हॉलिडे फेलोशिप’. अधिक साधी, अधिक स्वस्त. आणि लवकरच तो उत्तर वेल्समधल्या कॉन्वी गावी राहायला गेला.

कॉन्वी म्हणजे समुद्र, नदी आणि डोंगर यांच्या सांध्यावरचे तटबंदीचे गाव. तिथला किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर, तेराव्या शतकाच्या शेवटी, वेल्श लोकांवर जरब बसवायला बांधला. गावाच्या पाठीशीच डोंगर चढू लागतो, आणि ती रांग पुढे स्नोडनच्या मुलखाकडे जाते. स्नोडन हे वेल्समधले सर्वांत उंच शिखर, १,०८५ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तेव्हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. पण तिथे चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, पावसाला हंगाम नाही आणि धुके न सांगता येते. भर उन्हाळ्यात वाट चुकून माणसे गारठून मेल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच एवढ्या मोठ्या घोळक्याला तिथे वाटाड्या लागे. हे वाटाडे पगारी नसत. आधीच्या वर्षी पाहुणे म्हणून आलेले, डोंगराची गोडी लागलेले लोक पुढच्या वर्षी आपला वेळ देऊन मंडळी सांभाळत.

असा मेळा निघाला म्हणजे तो लांबूनही दिसे. सगळ्यांना एकच चाल झेपत नाही, म्हणून धट्ट्याकट्ट्यांची टोळी वेगळी, सावकाश चालणाऱ्यांची वेगळी. न्याहारीनंतर प्रत्येकाने भाकरतुकड्याची शिदोरी बांधून घ्यायची. परतल्यावर चिखलाने भरलेले बूट दाराशीच काढायचे, ओले कपडे वाळत घालायचे, आणि रात्री गाणी, नकला, एखादे व्याख्यान. मालक आणि चाकर हा भेद घरात दिसू नये, यावर लेनर्डचा कटाक्ष होता. तीर्थयात्रेत जात विसरतात असे आपण म्हणतो, आणि ते कितपत खरे हे वारीत चाललेल्यालाच ठाऊक. त्याचप्रमाणे या मेळ्यांतही कोण कारकून आणि कोण विणकर हे बोलण्याच्या ढबीवरून ओळखू येतच असणार. तरी आठ दिवस एका ताटावर बसणे ही काही थोडी गोष्ट नव्हे.

१९३० साली तरुणांच्या स्वस्त वसतिगृहांची चळवळ इंग्लंड-वेल्समध्ये सुरू झाली. तिचे पहिले वसतिगृह याच कॉन्वी नदीच्या खोऱ्यात, डिसेंबर १९३० मध्ये उघडले. त्यात पुढाकार लिव्हरपूलकडच्या तरुणांचा होता. एका रात्रीला एक शिलिंग. आता कोणत्याही गिरणीतल्या पोराला पाठीवर पिशवी टाकून वेल्सचे डोंगर गाठता येऊ लागले. आणि १९३८ साली भरपगारी वार्षिक सुट्टीचा कायदा तिथे झाला. दहा वर्षांनी, १९४८ च्या कारखाना कायद्यात, आपल्याकडच्या कामगारासाठीही भरपगारी रजेची तरतूद होती. लेनर्ड १९ जुलै १९४८ रोजी कॉन्वीलाच वारला.

ही झाली पाहुण्यांची बाजू. पण डोंगर काही मोकळे पडलेले नव्हते. तिथे माणसे राहत होती.

वेल्सच्या डोंगराळ भागातला शेतकरी मुख्यतः मेंढ्या पाळतो. पूर्वी त्याची दोन घरे असत. हिवाळ्यात खालच्या खोऱ्यातले घर आणि उन्हाळ्यात गुरे-मेंढ्या घेऊन वर जायचे तेव्हाचे डोंगरावरचे घर. वरच्याला ‘हावोद’ म्हणत आणि खालच्याला ‘हेंद्रे’. हा शब्द ऐकून आपल्याकडच्या एखाद्या आडनावाची आठवण व्हावी! आपल्या धनगरांना यात नवे काही वाटणार नाही. तिथल्या मेंढ्यांची एक गंमत सांगतात: कुंपण नसतानाही कळप आपल्या डोंगराची हद्द सोडत नाही. आई कोकराला ती शिकवते, ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. या ओळखीच्या जागेला वेल्श भाषेत ‘कनेविन’ असा शब्द आहे, आणि तो माणसांच्या बाबतीतही वापरतात. शेत विकले तरी कळप सहसा शेताबरोबरच राहतो, कारण नव्या मेंढ्यांना हद्द शिकवायला पिढ्या जातात.

दुसरा धंदा दगडाचा. शाळेत आपण ज्या दगडी पाटीवर धुळाक्षरे गिरवली, तसल्या पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणी याच डोंगरांत आहेत. त्याची कौले जगभर जात. कॉन्वीपासून वीस मैलांच्या आत बेथेस्डा नावाचे खाणगाव आहे. तिथल्या सुमारे २,८०० खाणकामगारांनी नोव्हेंबर १९०० मध्ये काम सोडले आणि तीन वर्षे मालक लॉर्ड पेन्रिन याच्याशी झुंज दिली. संघटना करण्याचा हक्क हा त्या भांडणाचा गाभा. काही जण पोटासाठी परत कामावर गेले. न गेलेल्यांनी आपल्या खिडकीत पाट्या लावल्या की या घरात कोणी गद्दार नाही. १९०३ मध्ये संप मोडला. गावात एकमेकांशी न बोलणारी घराणी त्यानंतर पुढच्या पिढ्यांपर्यंत राहिली. लँकेशायरचा कामगार ज्या डोंगरात श्रमपरिहारासाठी येत होता, त्याच डोंगराच्या पोटात दुसरा कामगार धूळ खात होता. पहिल्याला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

भाषेचे हे कलम मी मुद्दाम थोडे लांबवतो, कारण ऐकणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. वेल्श ही इंग्रजीची बोली नव्हे. ती स्वतंत्र आणि फार जुनी भाषा आहे. १८४७ साली सरकारने नेमलेल्या चौकशी-अधिकाऱ्यांनी वेल्समधल्या शिक्षणाचा अहवाल लिहिला, त्यात लोकांच्या मागासलेपणाचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. पुष्कळ शाळांत अशी रीत होती की जो मुलगा वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी फळी अडकवायची. तो दुसऱ्याला बोलताना पकडी आणि फळी पुढे जाई. दिवसाच्या अखेरीस ती ज्याच्या गळ्यात, त्याला छडी. म्हणजे मुलांनाच मुलांवर पहारेकरी नेमले! १९०१ च्या शिरगणतीत वेल्समधले सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत. १९६१ पर्यंत ते शेकडा २६ वर आले.

फळी गळ्यात बांधून घेतलेल्यांपैकी एक होता ओवेन एडवर्ड्स. पुढे तो वेल्समधल्या शाळांचा मुख्य तपासनीस झाला. त्याचा मुलगा इव्हान याने १९२२ साली मुलांसाठी ‘इर्द’ नावाची संघटना काढली. त्याचा विचार साधा होता. घरी आणि चर्चमध्ये वेल्श, पण खेळ, पोहणे, सहल, गंमत सारी इंग्रजीत, अशी वाटणी झाली तर मुलांच्या मनातून भाषा उतरणारच. तेव्हा गंमतही वेल्शमध्ये झाली पाहिजे. १९२८ साली त्याने बाला तलावाजवळ, आपल्या वडिलांच्या गावी, मुलांची पहिली छावणी भरवली. डोंगर तेच, तंबू तसेच, चिखलाचे बूट तेच; पण शिट्टी वाजवणारापासून स्वयंपाक्यापर्यंत सारे वेल्श बोलणारे. १९३२ साली समुद्रकाठी दुसरी छावणी उघडली, आणि १९५० साली बाला तलावाच्या काठची एका बड्या जमीनदाराची शिकारीची कोठी याच मुलांच्या हाती आली. या छावण्या आजही भरतात. माझ्या मते लेनर्डपेक्षा या माणसाला सुट्टीचे मर्म अधिक कळले होते. माणूस ज्या भाषेत हसतो-खेळतो ती सहजासहजी टाकत नाही.

याच बाला गावापासून चार-पाच मैलांवर कापेल केलिन नावाचे खेडे होते. शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर, दफनभूमी आणि बारा घरे-शेते; माणसे सदुसष्ट, आणि सारी वेल्श बोलणारी. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. पार्लमेंटने १९५७ साली कायदा केला. वेल्सच्या छत्तीस सभासदांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. त्याआधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जवळजवळ सारे गाव, म्हाताऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत, हातात फलक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांतून चालत गेले. इतकी वर्षे शहर मेळ्याने या डोंगरांत येत होते. डोंगरातले एक गाव मेळ्याने शहरात गेले ते हे असे. काही उपयोग झाला नाही. अठ्ठेचाळीस माणसांची घरे गेली. ऑक्टोबर १९६५ मध्ये धरणाच्या उद्घाटनाला निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या आणि समारंभ काही मिनिटांतच आटोपला. ज्यांचे स्वतःचे गाव धरणाखाली गेले आहे, मुळशीचे असोत वा कोयनेचे, त्यांना मी यात काय वाढवून सांगावे?

दरम्यान १९४९ च्या कायद्यानुसार १९५१ साली स्नोडनचा सुमारे ८२३ चौरस मैलांचा मुलूख राष्ट्रीय उद्यान ठरला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ आणि फाटक डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगतो: तिथे गावे उठवली नाहीत. सुमारे पंचवीस हजार लोक त्या हद्दीत राहतात, जमीन बहुतेक खाजगी आहे, मेंढ्या चरतात. पण मनाजोगे बांधकाम करता येत नाही आणि चालणाराला ठरल्या वाटांनी जाण्याचा हक्क आहे. हा हक्क लेनर्डच्या पिढीने मागितलेला. फाटक उघडे टाकणे, कुत्रे मेंढ्यांवर सोडणे, चांगली घरे शहरवाल्यांनी सुट्टीसाठी विकत घेणे आणि गावच्या तरुण जोडप्याला घर न परवडणे, या शेतकऱ्यांच्या तक्रारीही त्याच्याच पाठोपाठ आलेल्या आहेत, आणि त्या अजून मिटलेल्या नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्यानाच्या कारभाऱ्यांनी ठरवले की यापुढे आपल्या कामकाजात डोंगराची वेल्श नावेच वापरायची. स्नोडनच्या मुलखाला ‘एरीरी’ आणि शिखराला ‘अर् विद्वा’. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे शेकडा अठराच्या आत भरले होते. लिव्हरपूलच्या नगरसभेने २००५ साली कापेल केलिनबद्दल जाहीर माफी मागितली. तलावाच्या काठी आता एक लहानसे स्मारक-मंदिर आहे. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडून पाणी फार उतरले, तर गाळातून घरांच्या भिंतींचे दगड वर दिसतात, आणि वाटेने जाणारे चालकरी तिथे थांबतात.